अकाउंट नसलेल्या मुलीचा फोटो : एक प्रकरण अभ्यास

या लेखात मुलीचं नाव नाही, बदललेलंही नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ यांमुळे ओळख उघड करता येत नाही. शिवाय आमच्याकडे 'अमक्या आळीतली, तमक्याची नात' एवढं म्हटलं तरी लोक दारापर्यंत पोचतात. म्हणून गाव, शाळा, वर्ग, वार यांत थोडी इकडची तिकडे केली आहे. तासांचा हिशेब मात्र होता तसाच ठेवलाय, कारण या प्रकरणात सगळं अडलं ते तासांवरच. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते आणि त्या शाळेच्या सखी सावित्री समितीवर, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेकडे बघणाऱ्या समितीवर आहे. पुढे ज्या चुका दिसतील त्यातल्या दोन माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी पट्ट्यात पाऊस कमी आणि गलाईवाले जास्त. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी इथली माणसं कुठल्या कुठे पांगली आहेत. तमिळनाडूतल्या, केरळातल्या सराफ पेठेत गेलात तरी आमच्या बोलीत बोलणारा कुणीतरी भेटतो. मागे गावात राहतात बायका, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. अशा घरात मोबाइलला चैनीची वस्तू म्हणता येत नाही. रात्री दुकान बंद झालं की वडिलांचा व्हिडिओ कॉल येतो. फोन डब्याला टेकवून उभा करायचा आणि त्याच्यासमोर जेवायला बसायचं, अशी कितीतरी घरं मी पाहिली आहेत.

ही मुलगी अशाच घरातली. नववीत, वय चौदा. घरात स्मार्टफोन एकच, आईचा. वडिलांनी ताकीद दिली होती, "दहावीपातुर आपलं अकाउंट-बिकाउंट काय न्हाई." तिने ती पाळली होती. कुठल्याही ॲपवर तिचं खातं नव्हतं, रील नव्हतं, स्टेटस नव्हतं. हे लक्षात ठेवावं.

जानेवारी २०२५ मध्ये शाळेचं गॅदरिंग झालं. तिचा गट कोळीगीतावर नाचला. नऊवारी, मोठी नथ, दंडावर वाकी. फोटोग्राफरने काढलेले दीडशेच्या वर फोटो शाळेने त्याच आठवड्यात आपल्या सोशल मीडियाच्या पानावर चढवले. पान सगळ्यांना खुलं, फोटो मोठे आणि स्वच्छ. पालकांना कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हेही कुणाच्या मनात आलं नाही. पटसंख्या घटतेय, जाहिरात झाली तर बरंच, एवढा साधा हेतू. मीही त्या अल्बमला अंगठा दिला होता.

काय घडलं

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी रात्री दहाच्या सुमाराला एका लोकप्रिय ॲपवर तिच्या नावाने नवं खातं उघडलं गेलं. नावापुढे गावाचं नाव, वर गॅदरिंगमधला चेहरा. ॲपचं नाव मुद्दाम देत नाही, दुसऱ्या ॲपवर हे घडलं असतं तरी गोष्ट फारशी बदलली नसती. खात्यावरून नववी-दहावीच्या मुलांना फॉलोच्या विनंत्या गेल्या. तासाभराने त्यावर एक चित्र आलं. चेहरा तिचा, बाकी सगळं एआयच्या कुठल्याशा फुकट ॲपने बनवलेलं. त्याहून जास्त वर्णन करायची गरज नाही.

शुक्रवारी सकाळी पाण्याच्या टाकीपाशी एकीने तिला विचारलं, "तू अकाउंट कधी काढलंस गं?" तिला वाटलं, चेष्टा चाललीय. छोट्या सुट्टीत कुणाच्या तरी लपवून आणलेल्या फोनवर तिने ते पाहिलं आणि घरी निघून गेली. दप्तर बाकावरच राहिलं. पाचव्या तासाला वर्गशिक्षिकेला ते दिसलं आणि त्यांनी चौकशी सुरू केली. त्या दप्तरामुळे कळलं, नाहीतर सोमवारपर्यंत आम्हाला पत्ता लागला नसता.

मग पहिली घोडचूक झाली, तीही चांगल्या मनाने. मॅडमनी एका मुलीला सांगितलं, "मला पाठव ते." आलेलं चित्र 'सर, हे तातडीने बघा' असं लिहून त्यांनी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. मुख्याध्यापकांना कळवायचं होतं. त्या क्षणी ते आणखी अकरा फोनमध्ये उतरलं.

पावणेपाचला मुख्याध्यापकांचा मला फोन आला.

आज की सोमवारी?

ऑफिसात आम्ही चौघं होतो : मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि मी. चहा आला, तो तसाच गार झाला. संशय दहावीच्या तीन-चार पोरांवर होता आणि बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होणार होती. अध्यक्ष म्हणाले, "वकीलबाई, सोमवारी पोरांच्या बापास्नी बोलवू, कान धरून माफी मागाय लावू, इषय संपला. पोलीस आलं की पोरीचंच नाव हुतंय." त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. नाव मुलीचंच होतं, हे आमच्या भागातलं वास्तव आहे.

मुख्याध्यापक वेगळंच बोलत होते. त्यांनी नुकतंच वर्तमानपत्रात वाचलं होतं. "ऑस्ट्रेलियानं सोळा वर्षांखाली बंदीच घातली. आपल्याकडं असा कायदा नाही, तोवर आपण काय करणार?"

या वाक्यावर थोडं थांबते, कारण अशी वाक्यं मी नंतरही खूप ऐकली. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने तो कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. सोळाखालच्या मुलांची खाती रोखायची जबाबदारी कंपन्यांवर आहे, दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत होऊ शकतो, मुलांना किंवा पालकांना शिक्षा नाही. आपल्याकडची ॲपं जी तेराची अट दाखवतात तो आकडा अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यातून आलेला आहे. मुलांची माहिती गोळा करण्याबद्दलचा तो कायदा, मुलाला समज कधी येते याच्याशी त्याचा संबंध नाही. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम ९ तर अठरापर्यंत जातं. मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती हवी, मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करायच्या नाहीत, आणि मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याचे नियमच आलेले नव्हते. ते त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले, आणि संमतीचा भाग लागू करायला पुढे अठरा महिने दिले गेले. तेराखालच्या मुलांना बंदी करा म्हणून एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. हा धोरणाचा विषय आहे, असं सांगून एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने ती ऐकायला नकार दिला.

हे सगळे कायदे दारावरच्या राखणदारासारखे आहेत, कुणाला आत सोडायचं ते बघणारे. आमची मुलगी त्या दारातून कधी गेलीच नव्हती.

त्या संध्याकाळी आमच्या हातात होतं ते वेगळंच. पोक्सोचं कलम १९ : मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक. कलम २१ : न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षापर्यंत. बनवलेलं चित्र आहे, खरं नाही, ही पळवाटही उरलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून पोक्सोच्या व्याख्येत मूल असल्यासारखं दिसणारं, घडवलेलं किंवा फेरफार केलेलं चित्रही येतं. मुलांची अशी चित्रं पसरवण्याबद्दलचं माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याचं कलम ६७ब आहेच. आणि २०२१ च्या आयटी नियमांतला नियम ३(२)(ब) : अशा चित्राची तक्रार त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणीही केली, की ॲपने त्या वेळी २४ तासांत ते हटवणं भाग होतं. पुढे ही मुदत आणखी कमी केली गेली.

मी कलम २१ वाचून दाखवलं तेव्हा अध्यक्ष गप्प झाले. पण खरं वजन पडलं ते वर्गशिक्षिकेच्या एका वाक्याने. त्या म्हणाल्या, "सोमवारपर्यंत ते चित्र तसंच राहणार का?" ऑगस्ट २०२४ च्या बदलापूर प्रकरणानंतर शाळा धास्तावलेल्या होत्याच. मुख्याध्यापकांनी जावक रजिस्टर पुढे ओढलं.

पर्यायांची उलटतपासणी

गावातच मिटवणं हा पर्याय फक्त बेकायदेशीर म्हणून मोडीत काढला नाही. खातं कुणी उघडलं हेच माहीत नव्हतं. तीन पोरांनी माफी मागितली असती आणि चौथ्याचं खातं चालू राहिलं असतं. शिवाय करणारा सज्ञान निघाला असता तर आम्ही त्याला पुरावे पुसायला दोन दिवस दिले असते.

नुसती ॲपकडे तक्रार करायची, पोलीस नकोत, हा मधला मार्ग मला स्वतःला आकर्षक वाटत होता. चित्र गेलं की मुलीचा त्रास संपेल असं वाटायचं. पण चित्र काढून टाकलं तरी ते ज्यांच्या फोनमध्ये उतरलं तिथलं काय? आणि ते कुणी केलं हे ॲप आम्हाला सांगणार नव्हतं, पोलिसांनाच सांगणार होतं.

तिसरा मार्ग दोन्ही एकदम करायचा. तो ठरला. त्यात एका माणसाला कुणी विचारलंच नाही, तिला. आईशी बोललो, आजीशी बोललो. मुलीशी मी पहिल्यांदा बोलले ती रविवारी.

केलेली कार्यवाही

शुक्रवारी संध्याकाळी बाराएक मुलींनी आपापल्या घरच्या फोनवरून 'रिपोर्ट' दाबलं. मीही दाबलं, आणि इथे माझी पहिली चूक झाली. मी 'बनावट खातं' हा पर्याय निवडला. त्यावर ॲपने मुलीचं ओळखपत्र मागितलं. आधारचा फोटो, तो अस्पष्ट आला म्हणून पुन्हा फोटो, यात दीड तास गेला. 'अल्पवयीन मुलीचं नग्न चित्र' हा पर्याय त्याच यादीत दोन ओळी खाली होता. नाव चोरलं हा गुन्हा आहेच, पण घाई चित्राची होती. रात्री अकराला उत्तर आलं : तुम्ही नोंदवलेल्या खात्यामुळे आमच्या मार्गदर्शक तत्त्वांचा भंग झालेला नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. ॲपचं बटण आणि ॲपचा तक्रार निवारण अधिकारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या ॲपला असा अधिकारी इथेच राहणारा नेमावा लागतो आणि त्याचा पत्ता जाहीर करावा लागतो. कायद्याचं घड्याळ त्याच्याकडच्या तक्रारीवर चालतं. मला हे माहीत होतं. तरी ईमेल मी सकाळवर ढकलला, कारण आईची सही हवी असं वाटलं. नियमात स्पष्ट आहे, तिच्या वतीने कुणीही. सवयीने वकालतनाम्याची वाट बघत बसले, दुसरं काय.

ईमेल शनिवारी सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी गेला. त्यात खात्याची आणि चित्राची लिंक, आम्ही पाहिल्याची वेळ, मुलीचं वय आणि शाळेचा बोनाफाइड दाखला, नियमाचा क्रमांक. शेवटी ठळक एक ओळ : चित्र सोबत जोडलेले नाही. रविवारी सकाळी ७ वाजून ५० मिनिटांनी खातं दिसेनासं झालं. म्हणजे वीस तास चाळीस मिनिटं. हाच ईमेल शुक्रवारी पाचला गेला असता तर शनिवारी दुपारी जेवणाच्या वेळेला काम झालं असतं. पहिल्या क्षणापासून मोजलं तर चित्र जवळजवळ सत्तावन्न तास राहिलं, त्यातले अठरा माझ्या खात्यावर.

शनिवारी दुपारी पोलीस ठाण्यात गेलो. टेबलावरच्या हवालदाराने 'हे सायबरचं, सांगलीला जा' म्हणून पाहिलं. कलम १९ मध्ये 'स्थानिक पोलीस' हे शब्द आहेत, ते दाखवले. मग महिला उपनिरीक्षक आल्या आणि काम सरळ झालं. खातं कुणाचं ते माहीत नसल्याने गुन्हा अनोळखी व्यक्तीविरुद्ध नोंदला गेला, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंद केली. ज्यांना ठाण्यात जायचं धाडस होत नाही त्यांच्यासाठी सांगते, त्या पोर्टलवर मुलांबद्दलच्या अशा तक्रारी नाव न देताही करता येतात.

शिक्षकांच्या ग्रुपवरच्या चित्राचं काय करायचं, हा प्रश्न ठाण्यातच सुटला. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा सामग्रीबद्दल निकाल दिलाय, फोनमध्ये साठवून ठेवणंही पोक्सोच्या कलम १५ खाली गुन्हा ठरू शकतं. तक्रारीसाठी आणि पुराव्यासाठी सूट आहे, पण ती पोलिसांकडे नेण्यापुरती. अकरा जणांना दाखवण्यासाठी नाही. उपनिरीक्षकांनी वर्गशिक्षिकेचा जबाब घेतला, नोंद केली, आणि प्रत्येक शिक्षकाला समोर बसवून ते पुसायला लावलं. वर्गशिक्षिका त्या दिवशी रडल्या. गुन्हा त्यांच्यावर झाला नाही आणि होऊ नये असंच माझं मत होतं. पण मुलीला नंतर सगळ्यात जास्त लागलं ते हेच : सरांनी पाहिलं.

मुलीचा जबाब रविवारी तिच्या घरी झाला. पोक्सोच्या कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. उपनिरीक्षक पंजाबी ड्रेसमध्ये आल्या. शेतातून ओल्या हरभऱ्याची जुडी आलेली होती, मुलगी पडवीत घाटे सोलत बसली होती. बाईंनी काही विचारलं नाही. समोर बसल्या, मांडीवर चार डहाळे घेतले आणि सोलायला लागल्या. दहा-बारा मिनिटं नुसता घाटे फुटल्याचा आवाज. मग मुलगीच म्हणाली, "तुम्ही पाहिलाय का तो?" बाई म्हणाल्या, "नाही. लिंक पाहिली. चित्र बघायची मला गरज नाही पडली." ते खरं होतं. त्यानंतर ती बोलली.

वडील

वडिलांना घरच्यांनी सांगितलंच नव्हतं. गावातल्या एका हितचिंतकाने शुक्रवारी रात्रीच ते चित्र त्यांना तमिळनाडूत पाठवलं, 'दादा, बघा, काळजी घ्या' असं लिहून. ते रविवारी रात्री येऊन पोचले. पहिलं वाक्य, "उद्यापासनं शाळा बंद." दुसरं, "मामाकडं पाठवा हिला." माझ्याकडे बघून तिसरं :

"मॅडम, माझ्या पोरीचं तर अकाउंटच न्हाई. मग तुमचा कायदा अडवणार कुणाला?"

मी त्यांना नियम ३(२)(ब) सांगितला, सकाळी खातं गेल्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शाळा बंद करायची नाही यावर मात्र त्यांना मी नाही पटवलं, आजीने पटवलं. "तिनं काय केलंय? ज्यानं केलं तो जातोय शाळेत," एवढंच म्हणाली. मुलगी तीन आठवडे घरी राहिली. बाल कल्याण समितीने एक साहाय्यक व्यक्ती नेमली, ती आठवड्यातून एकदा येत होती.

आठव्या दिवशी तेच चित्र दुसऱ्या नावाच्या खात्यावर उगवलं. या वेळी ईमेल चाळीस मिनिटांत गेला. पण दर वेळी मागे धावण्यात अर्थ नव्हता. अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे, अठराखालच्या मुलांच्या अशा चित्रांसाठी. चित्र फोनमधून बाहेर जात नाही. फोनवरच त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी ॲपांकडे जातो, म्हणजे तीच फाइल कुणी पुन्हा चढवू लागलं तर त्यांना ती ओळखता येते. ठशासाठी मूळ फाइल लागते. ती होती वडिलांच्या फोनमध्ये, पोलिसांना दाखवायची म्हणून ठेवलेली. उपनिरीक्षकांना कळवून ठसा केला आणि वडिलांनी ती स्वतःच्या हाताने पुसली. व्हॉट्सॲपवर हातोहात फिरणाऱ्या प्रतींना याचा उपयोग नाही, हेही त्यांना सांगितलं.

करणारा

दोन आठवड्यांनी कंपनीकडून पोलिसांना खात्यामागचा नंबर मिळाला. दहावीतला मुलगा, वय पंधरा, सिम वडिलांच्या नावावर. तिच्याशी भांडण नाही, एकतर्फी काही नाही. चौघांत पैज लागली होती की हे ॲप खरंच चालतं का. आधी एका नटीच्या फोटोवर करून पाहिलं, मग शाळेचा अल्बम उघडला. बेंचवरच्या पोरांत नाव निघेल ते, असं करून तिचा नंबर लागला.

त्याचं स्वतःचं खातं सातवीपासूनचं. जन्मतारीख १ जानेवारी २०००. ती त्याने घातलेली नव्हती. नवा फोन घेतला तेव्हा मोबाइलच्या दुकानातल्या पोराने सगळी ॲपं 'चालू करून' दिली होती, आणि तो सगळ्यांची हीच तारीख घालतो. आमच्या बाजारपेठेत त्या दिवशी जन्मलेली माणसं किती निघतील, देव जाणे. वयाची पडताळणी करायचा कायदा इथे कामाला आला असता, हे मी मान्य करते. त्याला खातं नसतं, तर कदाचित हे झालं नसतं. कदाचित त्याने वडिलांच्या खात्यावरून केलं असतं.

मुलगा पंधराचा, म्हणजे अठराच्या आतला, म्हणून प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं. त्याला कोठडी नाही. त्याने बोर्डाची परीक्षा दिली. मंडळाने समज दिली, समुपदेशन लावलं आणि काही महिने दर शनिवारी सार्वजनिक वाचनालयात काम दिलं. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ मुळे पुढे नोकरी-शिक्षणात याचा डाग लागायचा नाही. मुलीच्या आईला हे फार कमी वाटलं. "पुस्तकं लावून सुटला," ती म्हणाली. मला कायद्याची बाजू पटते, तरी त्या वेळी मी तिच्याशी वाद घातला नाही.

पुढे पाठवणाऱ्या तिघांनाही समज मिळाली. वडिलांना चित्र पाठवणारा हितचिंतक मात्र पंचेचाळीस वर्षांचा. त्याच्यावर वेगळी कारवाई चालू आहे.

ग्रामसभा

मार्चमध्ये विशेष ग्रामसभा झाली. पहिला ठराव आला तो मुलींना मोबाइल बंदीचा. फक्त मुलींना. मांडणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. अंगणवाडीसेविका उठल्या आणि म्हणाल्या, "जिच्याकडं फोनच नव्हता तिचं झालं, आणि बंदी तिलाच?" तो ठराव तिथेच बसला.

मग कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावचा विषय निघाला. आपल्याच जिल्ह्यातलं हे गाव ऑगस्ट २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला लागलं, दीड तास टीव्ही-मोबाइल बंद आणि मुलं अभ्यासाला. तसंच करू म्हणून ठरलं. चौथ्या दिवशी बायकांनी तक्रार केली. काहींच्या नवऱ्यांचा कॉल आठला येतो, तोही बुडतो. वेळ साडेसहा ते आठ केली. परीक्षा संपेपर्यंत भोंगा नेमाने वाजला, यात्रेच्या आठवड्यात थांबला आणि मग राहून गेला. अभ्यासाला त्याचा उपयोग झाला असं शिक्षक सांगतात. गुरुवारी रात्री दहाला उघडलेल्या खात्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

शाळेत एका कागदावर चार-पाच ओळी लिहून ठेवलेल्या असत्या तर बरेच तास वाचले असते : चित्र मागवू नका, लिंक आणि वेळ लिहून घ्या, तक्रार अधिकाऱ्याला ईमेल त्याच तासाला, पोलिसांना त्याच दिवशी, मुलांच्या मदतीचा १०९८ आणि सायबर गुन्ह्यांचा १९३० हे नंबर. आता तो कागद ऑफिसात काचेखाली आहे. ईमेलचा नमुना माझ्या आणि मुख्याध्यापकांच्या फोनमध्ये तयार आहे, फक्त लिंक भरायची.

मुलीशी आधी बोलायला हवं होतं. शनिवारी दिवसभर ती समजत होती की पोलीस तिला न्यायला येणार आहेत.

आणि अल्बम. फोटो आला कुठून, हे सोमवारी कळेपर्यंत आमच्यापैकी एकालाही शाळेच्या पानाची आठवण झाली नव्हती. बातम्यांत कंपन्यांना शिव्या घालताना आपल्या हातून काय सुटलं ते दिसत नाही. त्या वर्षीचा अल्बम त्याच दिवशी काढायचा ठरलं आणि लक्षात आलं, पानाचा पासवर्ड बदली होऊन जतला गेलेल्या सरांकडे आहे. ते आठवून आठवून तीन पासवर्ड सांगत होते, तिन्ही चुकीचे. शेवटी त्यांच्या जुन्या फोनमध्ये पान उघडं सापडलं. तो अल्बम गुरुवारी निघाला. मागच्या सहा वर्षांचे निघायला जून उजाडला, कारण ते एकेक करून काढावे लागतात आणि ते काम कुणाचं, यावर दोन बैठका झाल्या.

जानेवारी २०२६ च्या गॅदरिंगआधी संमतीपत्रं वाटली. फोटो काढायला हरकत नाही, आणि फोटो इंटरनेटवर टाकायला हरकत नाही, असे दोन वेगळे रकाने. निम्म्याहून जास्त पालकांनी पहिल्यावर खूण केली, दुसरा कोरा ठेवला. ती आता दहावीत. नाचात नव्हती, सूत्रसंचालन तिच्याकडे होतं. आईने पहिल्या रांगेत बसून सगळं फोनवर घेतलं आणि दुकान बंद झाल्यावर वडिलांना दाखवलं, कॉलवर, दुसऱ्या फोनची काच पहिल्याच्या समोर धरून.